वासुदेवरावांचा फायर पिट

वासुदेवरावांनी परसात खड्डा खणायला घेतला, तेव्हा विमलाबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच विचारलं, "अवो, आता काय गाडून राह्यले?"

"गाडून नाई राह्यलो. फायर पिट करून राह्यलो."

"म्हणजे काय?"

"मधात गोल खड्डा, त्यात जाळ, अन् भवताल खुर्च्या. लोकं बसतात, गप्पा मारतात, हसतात."

"मंग शेकोटी म्हणा नं सरळ!"

"शेकोटी वेगळी," वासुदेवराव कुदळ टेकून म्हणाले. "शेकोटीले खड्डा नसते."

यावर विमलाबाईंनी खिडकी लावून घेतली आणि पिशवी उचलून बाजाराची वाट धरली. नवरा निवृत्त झाल्यापासून सिंदी मेघेतल्या त्या घरात मोबाइलवर पाहून केलेल्या वस्तूंचं संग्रहालयच झालं होतं. कूलरच्या खोक्यातलं कोंबड्यांचं घर होतं, त्यात कोंबडी कधी शिरली नाही. टायरचा झोपाळा होता, त्यावर एकदाच बसले ते स्वतः वासुदेवराव, आणि त्या एकदामुळेच कंबरेला अजून पट्टा लागतो.

पण या खड्ड्यामागे एक गोष्ट होती आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. सांगायची लाजच वाटत होती. त्यांचा मुलगा पियुष पुण्याला कंपनीत. वर्षाच्या शेवटी बायकोला, आचलला, घेऊन यायचा तो दोन दिवसांसाठी, आणि त्यातली एक रात्र बोरच्या जंगलाजवळच्या रिसॉर्टात घालवायचा. "अजून थांब नं बापू," म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "सुट्टी नाही मिळत हो, बाबा. आमचे साहेब फार कडक आहेत." त्या न पाहिलेल्या साहेबाला वासुदेवरावांनी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या होत्या की तो पुण्यात वरचेवर ठेचकाळत असला पाहिजे. गेल्या वर्षी पियुषने रिसॉर्टातले फोटो पाठवले. गोल जाळ, भोवती खुर्च्या, आणि पियुष तोंड भरून हसत होता. घरात असा हसलेला त्यांनी त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तेव्हाच त्यांनी ठरवलं, पोराला जाळच पाहिजे ना? मग जाळ घरी करू. निदान ती एक रात्र तरी पोरगं घरी राहील. आणि पोरं आजच यायची होती.

आता फायर पिट करायचा, पण फुकटात. जुन्या न्हाणीच्या विटा होत्या, त्या खड्ड्याला गोल लावल्या. बसायला घरातल्याच खुर्च्या. त्यात फाटकाजवळची अण्णाजींची खुर्चीही त्यांनी उचलून परसात नेली. अण्णाजी म्हणजे वासुदेवरावांचे वडील. नव्वदीला टेकलेले, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसेल. फाटकाजवळच्या त्या खुर्चीत बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला "काऊन रे, कोठी चालला?" असं विचारत, आणि हिशोब दिल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. खुर्ची गेली म्हणताच ते शिव्या देत देत मागोमाग परसात आले, माकडटोपी ओढली आणि उन्हात तिच्यातच झोपून गेले. अशा रीतीने कित्येक वर्षांत पहिल्यांदाच फाटकाची जागा रिकामी पडली.

उरलेलं सामान आणायला वासुदेवराव वस्तीतल्या गोपालचा माल ऑटो घेऊन निघाले. आरा मशीनवरून लाकडं घेतली. लाकडं लवकर पेटावीत म्हणून नालवाडीच्या एका गोठ्यातून गोवऱ्या घेतल्या. जाळाभोवती लायटिंगची माळ टांगायची होती, म्हणून बुरडाकडून दोन हिरवे बांबू घेतले. आणि आचलला रिसॉर्टातली मडक्यात शिजवलेली भाजी फार आवडली होती, म्हणून कुंभाराकडून एक नवं कोरं मडकं घेतलं.

वाचकहो, एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल. गोपालच्याही आलं. लाकडं चढली तोवर तो गाणं वाजवत होता. गोवऱ्या चढल्या तसा त्याने आवाज कमी केला. बांबू चढल्यावर गाणं बंदच केलं, आणि मडकं मांडीवर घेऊन वासुदेवराव शेजारी बसले तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवली. ध्यानात आलं नाही ते एकट्या वासुदेवरावांच्या.

"सावकाश घेतो काका," गोपाल हळूच म्हणाला. "भाड्याचं नंतर पाहू. तुम्ही टेन्शन नोका घेऊ."

"चांगला पोट्टा आहेस लेका," वासुदेवराव म्हणाले.

ऑटो वस्तीतून निघाला. मागे बांबू डुलत होते. नळावरच्या बायकांनी डोक्यावर पदर घेतला. समोरून येणारा एक मोटारसायकलवाला गाडी थांबवून उतरला आणि त्याने हात जोडले. वासुदेवरावांनीही मडकं सांभाळत हात जोडले. नोकरीत असताना कोणी ओळख दाखवत नव्हतं आणि आता एवढा मान! त्यांना बरं वाटलं.

घरी आल्यावर सगळं सामान फाटकापाशीच उतरवलं, कारण परसात ऑटो जात नव्हता. चार गोवऱ्या मागे नेऊन त्यांनी चाचणी घेतली. गोवऱ्या निघाल्या ओल्या. जाळ नाही, नुसता धूर. तोही असा की वासुदेवरावांच्या डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या. अण्णाजी टोपी नाकावर ओढून झोपलेले होते, त्यांना काही झालं नाही. वासुदेवराव मात्र गळ्यातल्या दुपट्ट्यात तोंड खुपसून, खोकत, भिंत चाचपत फाटकाशी आले. तिथे लाकडांकडे पाहत रूपराव उभे होते.

रूपरावांची ओळख करून द्यायला हवी. सिंदी मेघेत मयत कोणाकडेही होवो, पहिला फोन रूपरावांना. मग घरच्यांनी फक्त रडायचं, बाकी सगळं रूपराव. हे काम ते इतक्या मायेने करायचे की कधी महिनाभर कोणी गेलं नाही तर ते जरा उदासच दिसत. त्यांनी लाकडं पाहिली, गोवऱ्या, बांबू, मडकं पाहिलं. फाटकाजवळची रिकामी जागा पाहिली. मग वासुदेवरावांचे लाल डोळे पाहिले आणि पुढे होऊन त्यांना छातीशी धरलं.

"वासुदेवराव, सगळं एकट्यानंच आणलं? आमाले एक फोन तं कराचा होता."

वासुदेवरावांना खोकल्याने बोलता येईना. त्यांनी हाताने परसाकडे दाखवलं.

"काई बोलू नका. तुम्ही मांगं जा, त्याईच्याजवळ बसा. बाकीचं मी पाह्यतो."

किती चांगला शेजारी, असं मनात म्हणत वासुदेवराव पुन्हा गोवऱ्या फुंकायला गेले. तासाभराने पुढे खडखड ऐकू आली. खुर्च्या-सतरंज्या भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्राचा निकेश अंगणात खुर्च्या मांडत होता. रूपरावांना पोरं येणार हे कळलेलं दिसतंय, म्हणून खुर्च्या पाठवल्या, असं त्यांना वाटलं. परत थोड्या वेळाने रद्दी न्यायला ते पुढे आले, तर अंगण माणसांनी भरलेलं! अर्धी वस्ती गप्प बसून होती. वासुदेवरावांचा ऊर भरून आला. आपला फायर पिट पाहायला एवढी माणसं!

"बसा, बसा," ते गहिवरून म्हणाले. "पेटवाले वेळ आहे अजून. पियुष पुण्यावून निघाला आहे. तो आल्याबिगर नाई पेटवत."

"बरोबर आहे," दोघंतिघं म्हणाले. "लेकरू आल्याबिगर कसं?"

एवढ्यात दिवस मावळत आला. गारवा लागला तसे अण्णाजी जागे झाले आणि चहा शोधत पुढे आले. अंगणात माणसं बसलेली आणि आपल्याला बोलावणं नाही, हे त्यांना कसं सहन व्हावं? ते शेवटच्या रांगेत, त्यांचे जुने मित्र प्रेमदासजी यांच्या शेजारी जाऊन बसले. प्रेमदासजींना संधिप्रकाशात कमी दिसायचं, त्यात यांची माकडटोपी.

"कोण गेलं?" अण्णाजींनी हळू आवाजात विचारलं. मयतीत ते हळू बोलत.

"अण्णाजी," प्रेमदासजी म्हणाले.

"कोणते अण्णाजी?"

"हेच नं बाप्पा, या घरचे."

अण्णाजींनी थोडा विचार केला. आपल्या घरात दुसरे कोणी अण्णाजी नाहीत याची खात्री करून घेतली. तोंड उघडणार, तोच प्रेमदासजी पुढे बोलू लागले आणि अण्णाजींनी ते मिटून घेतलं.

"लई मोठ्या मनाचा माणूस होता," प्रेमदासजी म्हणाले. "माया पोराच्या लग्नात पाणी भेटेना, तं आपल्या विहिरीवून बैलगाडीनं पाणी आणलं त्यानं. दोन दिवस. कोणाले सांगतलं नाई."

"हाव, हाव," अण्णाजी म्हणाले. "अजून?"

"अजून काय सांगू? असा माणूस होणार नाई."

"तेही खरंच."

"फक्त एक," प्रेमदासजींनी उसासा टाकला. "बुद्धिबळात लबाडी कराचा लेकाचा. घोडा कसाही चालवाचा."

"कोणी केली लबाडी?" अण्णाजी गरजले.

पण त्याच क्षणी फाटकाशी त्याहून मोठी किंकाळी उठली, म्हणून ही गर्जना वाया गेली. विमलाबाई मैत्रिणीकडे दुपार काढून बाजारातून परतल्या होत्या. अंगणात लोक, फाटकाशी लाकडं, बांबू, मडकं, आणि नवरा कुठे दिसत नाही! त्यांच्या हातातली पिशवी गळाली आणि वांगी अंगणभर घरंगळत गेली.

"किती डाव म्हटलं वो, असले उद्योग करू नका! ऐकलं नाई वो माणसानं!"

बायका त्यांना धरायला धावल्या. आवाज ऐकून वासुदेवराव तोंडाला काजळी फासल्यासारखे परसातून पळत आले. त्यांना पाहून विमलाबाईंचं रडणं मधेच थांबलं आणि त्याच दमात रागात बदललं.

"तुम्ही जिते आहा?"

"मले काय झालं?"

"मंग हे लोकं कोणासाठी येऊन राह्यले?"

सगळ्यांनी रूपरावांकडे पाहिलं. रूपरावांनी मान खाली घालून अत्यंत हळुवारपणे सांगितलं, "वहिनी, मन घट्ट करा. अण्णाजी गेले."

"अण्णाजी कोठीच नाई गेले!" शेवटच्या रांगेतून आवाज आला. अण्णाजी माकडटोपी काढून उभे राहिले. "अन् घोडा मी बरोबरच चालवतो. या प्रेमदासले खेळता येत नाई."

प्रेमदासजी खुर्चीसकट मागे कलंडले. त्यांना उचलण्यात थोडा वेळ गेला, तेवढाच वेळ वासुदेवरावांना लाभला. मग एकेक नजर त्यांच्याकडे वळली आणि रूपरावांनी चौकशी सुरू केली. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण ते आता निराळं होतं.

"लाकडं कायले आणले मंग?"

"जाळाले."

"बांबू?"

"लायटिंग लावाले."

"अन् मडकं? मडकं कायले आणलं, वासुदेवराव?"

"वांग्याची भाजी कराले."

प्रत्येक उत्तर खरं होतं आणि प्रत्येक उत्तरासरशी वासुदेवराव जमिनीत बोटभर खाली जात होते. फायर पिट हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारून पाहिला, पण त्या माणसांसमोर तो तोंडातच विरघळला. कोणी दुकान बंद करून आलं होतं, कोणी सावंगीच्या दवाखान्यातली ड्यूटी बदलून आलं होतं. शेजारच्या भावनाताईंनी तर घरच्यांसाठी पिठलं-भाकर करून आणली होती. शेवटी प्रेमदासजींनीच धूळ झटकत विचारलं, "म्हणजे शेकोटी करून राह्यलता का?"

"हाव," वासुदेवराव म्हणाले.

"मंग शेकोटी म्हणाचं नं, बाप्पा!"

विमलाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी वांगी गोळा करायला घेतली. खुर्च्यांखाली वाकून वांगी शोधताना निदान तोंड दाखवावं लागत नव्हतं. चार वांगी हाताला लागली, तेवढ्यात रूपराव चाचरत म्हणाले, "एक गोष्ट राह्यली. मी पियुषले फोन करून देल्ला."

वासुदेवरावांच्या हातातली वांगी पुन्हा पडली. त्यांनी पियुषला फोन लावला, लागला नाही. आचललाही लागला नाही. दोघं महामार्गावर कुठेतरी होते आणि पोरगा रडत गाडी चालवत असेल, या विचाराने ते पुन्हा पुन्हा फोन लावत राहिले.

लोकांनी घरी जायला हवं होतं. पण खुर्च्या मांडलेल्या, लाकडं आणलेली, थंडी पडलेली. अण्णाजींनी फर्मान काढलं, "माया नावानं आले नं? मंग असेच कसे जाता? लावा ती शेकोटी!" मंडळींनी खुर्च्या परसात नेल्या. ज्या गोवऱ्यांनी वासुदेवरावांना दिवसभर रडवलं, त्या चार माणसांच्या हातात गेल्या आणि झटक्यात पेटल्या. भावनाताईंचं पिठलं फिरलं, कोणी शेंगा आणून निखाऱ्यात टाकल्या. अण्णाजी मधोमध बसून प्रत्येकाला विचारत होते, "तू काय म्हणून राह्यलता मायाबद्दल? सांग, सांग, मी मांगं होतो, ऐकू नाई आलं."

परस हसत होतं. हसत नव्हते ते एकटे वासुदेवराव. ते कपडे धुवायच्या दगडावर, उजेडाबाहेर बसले होते. पोरगा हसत घरी यावा म्हणून हे सगळं केलं, आणि त्याला अर्ध्या वाटेपासून रडवत आणला. कोणत्या तोंडाने त्याच्यासमोर जायचं? आता तो रागावेल. आचल काही बोलणार नाही, पण तिच्या माहेरी ही गोष्ट जाईलच. उद्या सकाळीच दोघं रिसॉर्टला निघून जातील आणि पुढच्या वर्षी कदाचित येणारही नाहीत.

फाटकाशी गाडी थांबली. पियुष चपलाही न घालता धावत आला आणि परसाच्या दारात खिळून उभा राहिला. समोर जाळ, हसणारी माणसं, आणि मधोमध आजोबा शेंगा सोलताना.

"ये, बस," अण्णाजी म्हणाले. "गरम आहेत. खा."

पियुष बसला नाही, कोसळलाच. आजोबांच्या गुडघ्यांना मिठी मारून लहान पोरासारखा हुंदके देत रडला. मागून आलेली आचल पदराला डोळे पुसत होती. रूपराव, ज्यांनी शंभर मयती पाहिल्या, तेही दुसरीकडे पाहू लागले.

आता लपणं शक्य नव्हतं. वासुदेवराव दगडावरून उठले, उजेडात आले आणि सगळ्यांसमोर मान खाली घालून बोलले.

"चूक मायी आहे बापू. तू रिसॉर्टात जातं, तिथं असा जाळ राह्यते. फोटोत तू लई हसून राह्यलता. म्हटलं, घरीच जाळ केला तं एक रात्र जास्त राह्यशीन. बस, एवढंच होतं. झालं काय तं हे झालं. मले माफ कर. साहेबाले फोन करून सांग का बाप मूर्ख आहे. अन् तुले जाचं असन तिथं जा."

विमलाबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. त्यांनाही हे आजच कळत होतं.

"रिसॉर्ट रद्द केलं आम्ही रस्त्यातूनच," पियुष नाक पुसत म्हणाला. "आणि साहेबांना मेल केला. सुट्टी मिळाली. तेरवीपर्यंतची, तेरा दिवसांची."

"तेरवीपर्यंत?" वासुदेवरावांनी मान वर केली. "त्या साहेबानं देली? त्या कडक साहेबानं?"

"हो. लगेच दिली. अजून लागली तर सांग म्हणाले."

अण्णाजींनी शेंगेचं टरफल जाळात टाकलं. "मंग आजपर्यंत काऊन नाई देत होता तो?"

पियुषने एक काटकी घेतली आणि उगाच निखारे सारखे करायला लागला. आचलही आता त्याच्याकडेच पाहत होती. शेवटी तो पुण्याची भाषा विसरून पुटपुटला, "मी कधी मांगतलीच नाई, आजोबा."

वासुदेवरावांना काय वाटावं तेच कळेना. ज्याला इतकी वर्षं शिव्या घातल्या तो माणूस बिचारा निर्दोष निघाला होता. दिवसभर त्यांची स्वतःची मान खाली होती. आता पोराची गेली, आणि ती पाहून त्यांना आपल्या मानेपेक्षा जास्त लाज वाटली.

"हं," अण्णाजी म्हणाले. "म्हणजे जित्या माणसासाठी दोन दिवस. बरं झालं मी मेलो."

"आजोबा, मी आत्ताच फोन करून खरं सांगतो."

"खबरदार! मायी सुट्टी आहे ते. मी मरून मिळवली. तेरवीपर्यंत मी मेलेलाच, कोणी विचारलं तं तसंच सांगजो. पण रोज संध्याकाळी दोघांनीबी इथं येऊन बसाचं, अन् तुया बापाशी बोलाचं. समजलं?"

तेवढ्यात पियुषचा फोन वाजला. त्याने पडद्यावर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "साहेब आहेत. सांत्वनाला फोन केला असेल. काय करू?"

रूपरावांनी नुसता हात वर केला. मोठ्या अनुभवाचा हात तो. परसातलं हसणं पुसल्यासारखं थांबलं. विमलाबाईंनी पदर तोंडाला लावून पहिला हुंदका दिला, बायकांनी साथ धरली, प्रेमदासजी म्हणाले, "लई मोठा माणूस गेला हो!" आणि या सगळ्यांवर ताण करून, पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठावं असा एक गळा निघाला. "अण्णाजी वो! काऊन सोडून गेले वो!" तो अण्णाजींचाच होता.

"पियुष," फोनमधून साहेबांचा भरून आलेला आवाज आला, "फार जीव होता रे घरच्यांचा आजोबांवर."

पियुषने जाळापलीकडे पाहिलं. आजोबा गळा काढून रडत होते आणि मधेच शेंग तोंडात टाकत होते. शेजारी बाबा, तोंडाला काजळी, नजर अजूनही पोराकडे न्यायला घाबरणारे.

"हो सर," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. साहेबांनी घाईघाईने फोन ठेवला. पियुष मात्र बराच वेळ रडत होता आणि त्या रडण्यात खोटं काही नव्हतं.